औषधाच्या गोळीचा भाव

भाजीवाल्याकडे आपण भाव करतों, कापडाच्या दुकानांत ठाण उलगडून पाहतों, सोनाराकडे तर तराजूचा कांटा स्थिर होईपर्यंत त्यावरची नजर काढीत नाहीं. पण औषधाच्या दुकानाची पायरी चढलों कीं ही सारी सावधगिरी गळून पडते. डॉक्टरांची चिठ्ठी आपण मुकाट्यानें पुढें करतों, दुकानदार सांगेल ती रक्कम मोजतों आणि पुडी खिशांत घालून घरीं येतों. घरांत कोणी तापानें फणफणत असतांना घासाघीस करण्याचें भान कोणाला असणार? त्या गोळीला मूळ खर्च किती आला असेल, हा प्रश्न सहसा मनांत येत नाहीं. आणि आला तरी तो विचारावयाचा कोणाला? दुकानदार म्हणेल, भाव कंपनीनें ठरविला. आणि कंपनी दूर असते.

हाच प्रश्न एका लोकप्रतिनिधीनें औषध-कंपनीच्या अध्यक्षाला समोर बसवून विचारला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. ती घडली अमेरिकेंत, वॉशिंग्टन शहरीं, १९५९ ते १९६२ या काळांत. परंतु तिचा एक धागा आपल्या देशापर्यंत येऊन पोंचला आहे, आणि माझ्या मतें तोच तिच्यांतला सर्वांत टिकाऊ धागा होय.

या लोकप्रतिनिधीचें नांव एस्टिस कीफॉव्हर. टेनेसी राज्यांतील मॅडिसनव्हिल या लहानशा गांवीं १९०३ सालीं त्यांचा जन्म झाला. येल विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास करून त्यांनीं चॅटानूगा येथें वकिली केली, १९३९ सालीं ते प्रतिनिधिगृहांत गेले आणि १९४९ सालीं सिनेटांत. अंगानें उंच, बोलणें संथ. वक्तृत्व म्हणून ज्याला म्हणतात तें त्यांच्यापाशीं फारसें नव्हतें. मात्र चिकाटी विलक्षण होती. १९४८ च्या निवडणुकींत मेंफिस शहरच्या एका बलाढ्य पुढाऱ्यानें त्यांची तुलना रॅकून नांवाच्या लबाड, केसाळ जनावराशीं केली. कीफॉव्हर यांनीं रागावण्याऐवजीं रॅकूनच्या कातड्याची टोपी डोक्यावर चढविली आणि आपण रॅकून असलों तरी त्या पुढाऱ्याचे पाळीव नव्हे, असें गांवोगांव सांगत ते निवडून आले. पुढें १९५०-५१ मध्यें गुन्हेगारीच्या चौकशीचे प्रश्न त्यांनीं विचारले, तेव्हां दूरचित्रवाणीवर तें पाहावयास लक्षावधि लोक कामें सोडून बसले. १९५६ सालीं उपाध्यक्षपदाची पक्षाची उमेदवारी त्यांनीं जॉन केनेडी या तरुण सिनेटरला मागें सारून मिळविली, पण निवडणूक हरली. हे केनेडी या गोष्टींत पुन्हां येणार आहेत.

१९५७ सालीं सिनेटच्या मक्तेदारीविषयक उपसमितीचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. अशा उपसमितीचा अधिकार ऐकावयास मोठा, पण प्रत्यक्षांत मर्यादित असतो. ती कोणाला दंड करूं शकत नाहीं, भाव ठरवूं शकत नाहीं, दुकान बंद करूं शकत नाहीं. तिला साक्षीदार बोलावतां येतो, हिशेबाचे कागद मागवितां येतात आणि प्रश्न विचारतां येतात. बस्स. मागणी घटली तरी ज्या मालाचे भाव उतरत नाहींत त्यांचे भाव ठरवितो कोण, हा या उपसमितीचा मूळ विषय. पोलाद, मोटारी आणि पाव यांची तपासणी करून झाली, आणि मग ती औषधांकडे वळली. जॉन ब्लेअर आणि डॉ. आयरीन टिल यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ तिच्या कचेरींत होते. बैठक भरण्यापूर्वीं कित्येक महिने त्यांनीं कंपन्यांच्या वह्या चाळण्यांत घालविले होते. प्रश्न विचारणाराचें नांव इतिहासांत राहतें, पण प्रश्नाला धार लावणारे हात बहुधा दुसरेच असतात, एवढें येथें नमूद करणें न्यायाचें होईल.

७ डिसेंबर १९५९, सोमवार. पहिले साक्षीदार होते शेरिंग कंपनीचे अध्यक्ष फ्रान्सिस ब्राऊन. ही कंपनी मूळ जर्मन मालकीची. महायुद्धांत शत्रूची मालमत्ता म्हणून अमेरिकन सरकारनें ती ताब्यांत घेतली व १९५२ सालीं विकली. विषय होता प्रेडनिसोलोन. संधिवातानें बोटें वांकडीं झालेल्या, गुडघे धरलेल्या माणसांना आराम देणारी ही गोळी. वृद्धांना ती महिनोन् महिने, रोज घ्यावी लागे, हें ध्यानांत ठेवावें. शेरिंग कंपनी हें द्रव्य अपजॉन नांवाच्या दुसऱ्या कंपनीकडून घाऊक भावानें विकत घेई आणि त्याच्या गोळ्या पाडी. उपसमितीच्या हिशेबानें एका गोळीचा उत्पादनखर्च १.५७ सेंट. दुकानदाराला ती १७.९ सेंटांना मिळे, आणि रोग्याला जवळजवळ ३० सेंटांना. म्हणजे कारखान्याच्या दारापासून दुकानाच्या दारापर्यंत जातांना ती अकरा पटींहून अधिक महाग होई.

ब्राऊन यांचें उत्तर अगदींच पोकळ नव्हतें. उत्पादनखर्च म्हणजे सर्व खर्च नव्हे, असें ते म्हणाले. संशोधन आहे, गुणवत्तेची तपासणी आहे, देशभर माल पोंचविणें आहे, डॉक्टरांना नव्या औषधांची माहिती देणें आहे. शंभर औषधांवर मेहनत करावी तेव्हां एखादें हातीं लागतें, आणि बाकीच्यांचा खर्च त्या एकाच्याच डोक्यावर बसतो. ऐकणाराला हें पटण्यासारखें वाटलें असेल.

त्यानंतर दुसरें औषध पुढें आलें. त्याचें नांव प्रोजिनॉन. ऋतुनिवृत्तीच्या वेळच्या विकारांवर स्त्रियांना दिलें जाणारें हार्मोन. हें द्रव्य शेरिंग कंपनी फ्रान्समधील रूसेल या कंपनीकडून तयार विकत घेत असे. साठ गोळ्यांच्या एका बाटलींत जें द्रव्य जाई त्याची खरेदी ११.७ सेंटांची, आणि ती बाटली दुकानदाराला विकली जाई ८ डॉलर ४० सेंटांना. ही वाढ शेंकड्याच्या हिशेबानें ७,०७९ टक्के भरते. येथें संशोधनाची ढाल पुढें करतां येईना. कारण हें संशोधन शेरिंगनें केलेलें नव्हतें, आणि द्रव्यहि तिनें बनविलेलें नव्हतें. तिनें केलें तें एवढेंच, कीं गोळ्या पाडल्या, बाटलींत भरल्या आणि वर आपलें नांव लाविलें.

भाव उतरविला तर खप वाढेल, हा व्यापारांतला साधा नियम येथें कां चालूं नये, हा प्रश्न अटळच होता. त्यावर ब्राऊन यांचें उत्तर असें कीं, ज्या खाटेवर एकच रोगी आहे तेथें आम्ही दोन रोगी निजवूं शकत नाहीं. हें उत्तर त्यांनीं स्वतःच्या बचावासाठीं दिलें. परंतु मला वाटतें, त्या संबंध चौकशींत कंपन्यांच्या विरुद्ध याहून अधिक बोलकी साक्ष कोणीच दिली नसेल. औषधाची गरज भावावर अवलंबून नसते, म्हणून भाव उतरविण्यांत विकणाराचा लाभ नाहीं. आणि त्याच कारणानें चढविण्यांत तोटाहि नाहीं.

७,०७९ हा आंकडा दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत झळकला, आणि सिनेटर मथळ्यांसाठीं काम करतात अशी ओरड कंपन्यांनीं सुरू केली. तींत तथ्य मुळींच नव्हतें असें नाहीं. त्या आंकड्यांत कच्च्या द्रव्याचीच किंमत धरली होती. बाटली, गोळी पाडण्याची मजुरी, विक्रेत्यांचे पगार, कर यांचा त्यांत हिशेब नव्हता. म्हणून उपसमितीनें मोठ्या २२ कंपन्यांच्या वह्याच पाहिल्या. तेव्हां असें दिसलें कीं, विक्रीच्या दर शंभर डॉलरांमागें संशोधनावर सुमारें सहा डॉलर खर्च होत आणि माल खपविण्यावर सुमारें पंचवीस. ७,०७९ चा आंकडा लोकांच्या लक्षांत राहिला. परंतु सहा आणि पंचवीस हे दोन आंकडे अधिक वजनदार आहेत.

हे पंचवीस डॉलर जात कोठें? मुख्यतः डॉक्टरांकडे, म्हणजे त्यांच्या खिशांत नव्हे, तर त्यांच्या कानांत. औषधाच्या व्यापारांत जो मागणी नोंदवितो तो पैसे देत नाहीं, आणि जो पैसे देतो तो मागणी नोंदवीत नाहीं, असें कीफॉव्हर पुनःपुन्हां दाखवून देत. निवड करणार डॉक्टर, किंमत मोजणार रोगी. तेव्हां कंपनीनें रोग्याची समजूत घालण्याचें कारण नव्हतें. डॉक्टरांच्या लेखणींतून आपलें नांव उतरलें म्हणजे झालें. आणि नांवें तरी किती! प्रेडनिसोलोन हें द्रव्य एकच. पण शेरिंग त्याला मेटिकॉर्टेलोन म्हणे, अपजॉन डेल्टा-कॉर्टेफ म्हणे, मर्क हायडेल्ट्रा म्हणे आणि फायझर स्टेरेन म्हणे. नांवें चार, पण मोठ्या कंपन्यांचा भाव दशांश चिन्हापर्यंत एकच! लहान कंपन्या तेंच द्रव्य मूळ नांवानें पुष्कळ स्वस्त विकत. पण चिठ्ठीवर मूळ नांव लिहितो कोण?

परदेशांतले भाव मागवून ताडून पाहिले तेव्हां आणखी एक गोष्ट उघड झाली. मनोरुग्णांना शांत करणारें क्लोरप्रोमाझीन हें औषध शोधलें फ्रान्समधील रोन-पूलांक कंपनीनें. तेंच औषध अमेरिकेंत परवान्यावर विकलें जाई, तें पॅरिसच्या सुमारें सहापट भावानें. शोध लावणारा देश स्वस्त आणि विकत घेणारा देश महाग, हें कोडें संशोधनाच्या खर्चानें सुटत नाहीं. सुटतें तें पेटंटच्या कायद्यानें.

साक्षीदारांमध्यें डॉक्टरहि होते. स्क्विब कंपनीचे माजी वैद्यकीय संचालक डॉ. डेल कॉन्सोल यांनीं १९६० सालीं येऊन सांगितलें कीं, संशोधनांत अपयश फार येतें हें कंपन्यांचें म्हणणें खरें आहे. अडचण एवढीच कीं त्या आपलीं अपयशेंहि बाजारांत आणतात. ज्या गृहस्थानें आयुष्यांतलीं उमेदीचीं वर्षें त्याच धंद्यांत काढलीं त्याच्या तोंडचे हे शब्द. त्याच वर्षीं असेंहि निष्पन्न झालें कीं, सरकारच्या अन्न व औषध प्रशासनांतील प्रतिजैविक विभागाचे प्रमुख हेन्री वेल्श यांना वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादनापोटीं सात वर्षांत २,८७,१४२ डॉलर मिळाले होते. आणि त्या उत्पन्नाचा मोठा उगम होता औषध-कंपन्यांच्या जाहिराती व त्यांनीं विकत घेतलेल्या लेखांच्या प्रती. ज्याच्या सहीनें औषध बाजारांत जावयाचें त्याचीच ही गोष्ट. वेल्श यांनीं मे १९६० मध्यें राजीनामा दिला.

चौकशींत आलेल्या औषधांत एक आपल्या ओळखीचें आहे. सर्पगंधा ही वनस्पति आपल्याकडील वैद्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. रक्तदाबावर तिचा उपयोग होतो हें मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें आपल्या रोग्यांचा अनुभव देऊन मांडलें, आणि पाश्चात्य वैद्यकाचें लक्ष तिकडे वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं त्या मुळींतून रेझर्पिन हें द्रव्य वेगळें काढलें. पुढें अमेरिकन लष्करानें गोळ्यांसाठीं स्पर्धेचीं टेंडरें मागविलीं, तेव्हां हेंच औषध दुकानदाराला पडणाऱ्या किंमतीच्या अगदीं अल्पशा अंशांत मिळालें. घेणारा जाणता असला आणि विकणारे अनेक असले कीं भाव उतरतो, हें सिद्ध करावयास याहून निराळा पुरावा नको.

उपसमितीचा अहवाल १९६१ सालीं बाहेर पडला. त्यांत औषधांवर पेटंट देणाऱ्या देशांचे आणि न देणाऱ्या देशांचे भाव समोरासमोर ठेवले आहेत. भारताचा उल्लेख तेथें मुद्दाम उदाहरण म्हणून येतो. ऑरिओमायसिन आणि अॅक्रोमायसिन या प्रतिजैविकांचे भारतांतील भाव जगांतल्या सर्वांत चढ्या भावांपैकीं आहेत, आणि एकंदर औषधांच्या बाबतींतहि भारत अतिशय महाग देशांत मोडतो, असें तो अहवाल सांगतो. दरडोई उत्पन्न जितकें कमी तितका औषधाचा भाव अधिक, अशा उलट्या प्रमाणाचा हा मासला आहे, अशी त्यावर टिप्पणी आहे. परक्या देशाच्या कायदेमंडळाच्या दप्तरांत आपल्या रोग्याची अवस्था अशी दोन ओळींत नोंदली जावी, यांत आभार मानावे कीं खेद करावा, हें मला कधीं ठरवितां आलेलें नाहीं.

१२ एप्रिल १९६१ रोजीं कीफॉव्हर यांनीं आपलें विधेयक मांडलें. त्याचा कणा भावाचा होता. औषधावरील पेटंटाची अनन्य मक्तेदारी तीन वर्षांपुरती; त्यानंतर विक्रीच्या ८ टक्क्यांपर्यंत स्वामित्वधन घेऊन दुसऱ्या पात्र उत्पादकास परवाना देणें सक्तीचें. जुन्याच औषधाच्या रेणूंत किरकोळ फेरबदल करून नवें पेटंट मिळविण्याची युक्ति बंद. फेरबदलानें औषधाचा गुण लक्षणीय वाढला असेल तरच पेटंट. वेष्टनावर मूळ नांव ठळकपणें छापावयाचें. आणि औषध केवळ निरुपद्रवी आहे एवढें दाखवून भागणार नाहीं, तें गुणकारी आहे हेंहि सिद्ध करावें लागेल. या शेवटल्या कलमाचें आज नवल वाटतें. परंतु १९३८ च्या अमेरिकन कायद्यानुसार कंपनीला औषधाची सुरक्षितताच दाखवावी लागे. एका सल्फा औषधाच्या पातळ मिश्रणानें १९३७ सालीं शंभरावर माणसें, त्यांत पुष्कळ मुलें, दगावलीं होतीं. त्या हाहाकारांतून तो कायदा जन्मला होता.

विधेयक समितींत गेलें आणि तेथें त्याची एक एक फांदी छाटली जाऊं लागली. पेटंटविषयक कलमें तर मुळासकट गेलीं. ८ जून १९६२ रोजीं विरोधी सिनेटरांच्या वतीनें आणि सरकारच्या आरोग्यखात्याच्या वतीनें आलेलीं माणसें एकत्र बसलीं व उरलेलें विधेयकहि त्यांनीं पातळ करून टाकलें. ज्यांचें विधेयक त्या कीफॉव्हरांना या बैठकीची वार्ताहि नव्हती. सरकार त्यांच्याच पक्षाचें आणि अध्यक्षपदीं केनेडी! त्यांनीं सिनेटांत उभें राहून या प्रकाराचा उघड निषेध केला. पण निषेधानें मतें मिळत नाहींत. अडीच वर्षांची चौकशी आणि हजारों पानांच्या साक्षी कपाटांत जाण्याच्या बेतांत होत्या.

त्यानंतर पांच आठवड्यांनीं, १५ जुलै १९६२ रोजीं, 'वॉशिंग्टन पोस्ट' पत्रांत मॉर्टन मिंट्झ यांनीं एक बातमी दिली. ती फ्रान्सिस केल्सी या डॉक्टर बाईंची होती. केल्सीबाई ऑगस्ट १९६० मध्यें अन्न व औषध प्रशासनांत रुजू झाल्या आणि पुढच्याच महिन्यांत थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा अर्ज त्यांच्या मेजावर आला. जर्मनींत तें १९५७ पासून विकलें जात होतें, गरोदरपणींच्या मळमळीवरहि दिलें जात होतें. सिनसिनाटीच्या मेरेल कंपनीला परवानगीची घाई होती. बाईंना कागदपत्रें अपुरीं वाटलीं. त्यांनीं आणखी पुरावा मागितला. तो आला, तोहि त्यांना पुरेसा वाटला नाहीं. पुढें एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांतलें पत्र त्यांच्या वाचनांत आलें. हें औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते, असें त्यांत होतें. मोठ्यांच्या मज्जातंतूंचें असें होतें तर उदरांतल्या गर्भाचें काय, असें बाईंनीं विचारलें. कंपनीचे लोक फेऱ्या घालीत राहिले, बाईंच्या वरिष्ठांकडे कुरकुर करीत राहिले. बाई जागच्या हलल्या नाहींत. नोव्हेंबर १९६१ मध्यें जर्मनींतून वृत्त आलें. हात नसलेलीं, पाय नसलेलीं अर्भकें जन्मास येत होतीं, आणि त्यांच्या मातांनीं हेंच औषध घेतलेलें होतें. जगभरांत अशा मुलांची संख्या दहा हजारांवर गेली असें मानतात. अमेरिकेंत परवाना नसतांहि 'चांचणी' या नांवाखालीं हजारावर डॉक्टरांना गोळ्या वांटल्या गेल्या होत्या, त्यामुळें तेथेंहि तुरळक बालकें या संकटाला बळी पडलीं. पण घोर अनर्थ टळला.

त्या बातमीनें वारें फिरलें. जे सिनेटर कालपर्यंत विधेयक पातळ करीत होते ते आज त्याला बळकटी आणण्यासाठीं धांवूं लागले. अध्यक्ष केनेडी यांनीं ७ ऑगस्ट रोजीं केल्सीबाईंचा सन्मान केला. २३ ऑगस्ट १९६२ रोजीं सिनेटनें विधेयक ७८ विरुद्ध शून्य मतांनीं मंजूर केलें, आणि १० ऑक्टोबरला केनेडींनीं त्यावर सही करून पहिली लेखणी कीफॉव्हर यांच्या हातीं दिली. औषधाचा गुण काटेकोर चांचण्यांनीं सिद्ध केला पाहिजे, रोग्याच्या संमतीवांचून त्याच्यावर प्रयोग करतां कामा नये, अपाय आढळला तर सरकारला कळविला पाहिजे, वेष्टनावर मूळ नांव ठळक असलें पाहिजे, हें सर्व त्या कायद्यानें आणलें. पुढें अनेक देशांच्या औषध-कायद्यांनीं तोच कित्ता गिरविला.

पण या विजयाला एक विचित्र बाजू आहे. थॅलिडोमाइडचा प्रश्न सुरक्षिततेचा होता आणि त्याला अडविलें तें १९३८ च्या जुन्या कायद्यानें व एका बाईंच्या चिकाटीनें. नव्या कायद्याची त्याला गरज पडली नाहीं. कीफॉव्हर यांनीं विचारलेला प्रश्न भावाचा होता, आणि मंजूर झालेल्या कायद्यांत भावाविषयीं चकार शब्द नव्हता. तीन वर्षांची मक्तेदारी, सक्तीचा परवाना, किरकोळ फेरबदलास पेटंट नाहीं, हीं कलमें ज्या समितींत पडलीं तेथेंच राहिलीं. लोकांना भय दाखविणारी गोष्ट मिळाली कीं कायदा होतो. खिसा कापणारी गोष्ट मात्र दरवर्षीं थोडी थोडी कापत राहते म्हणून तिचें भय वाटत नाहीं. अमेरिकेंत वृद्धांच्या सरकारी विमायोजनेला निवडक औषधांच्या भावाबद्दल कंपन्यांशीं बोलणी करण्याचा अधिकार मिळावयास २०२२ साल उजाडावें लागलें.

कीफॉव्हर तो दिवस पाहावयास नव्हते. १९६२ च्या त्याच ऑगस्टांत ते आणखी एका लढाईंत गुंतले होते. संदेशवहनाच्या कृत्रिम उपग्रहांचें तंत्र जनतेच्या पैशानें उभें राहिलें असतां तें एका खासगी कंपनीच्या स्वाधीन कां करावें, असा त्यांचा व त्यांच्या मूठभर सोबत्यांचा प्रश्न होता. दिवसचे दिवस भाषणें करून त्यांनीं तें विधेयक रोखून धरलें. अखेर १९२७ नंतर प्रथमच सिनेटनें ठराव करून भाषणें थांबविलीं. ८ ऑगस्ट १९६३ रोजीं सिनेटांत याच उपग्रह-कंपनीसंबंधीं बोलत असतां त्यांना हृदयविकाराचा त्रास होऊं लागला, आणि १० ऑगस्टला ते वारले. वय साठ.

आतां त्या दुसऱ्या धाग्याकडे वळूं. भारत सरकारनें नेमलेल्या न्या. राजगोपाल अय्यंगार यांनीं पेटंटच्या कायद्यावरील आपला अहवाल सप्टेंबर १९५९ मध्यें, म्हणजे ब्राऊन यांची साक्ष होण्यापूर्वीं अवघे तीन महिने, सादर केला होता. देशांतील शेंकडा ८० ते ९० पेटंटें परकीयांचीं आहेत आणि त्यांपैकीं नव्वद टक्क्यांहून अधिक येथें वापरांतच आणलीं जात नाहींत, असें त्यांत दाखविलें होतें. पेटंट येथें घ्यावयाचें, कारखाना मात्र येथें काढावयाचा नाहीं. माल बाहेरून आणून सांगेल त्या भावानें विकावयाचा, हा खाक्या. पुण्याजवळ पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला व लौकरच तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें, ही त्या काळांतली एक दिलासा देणारी गोष्ट. पण सबंध देशाचा कायदा १९११ चा, परक्या राज्यकर्त्यांनीं केलेला, तसाच होता.

नव्या विधेयकावर संसदेंत व तिच्या संयुक्त समितींत वर्षानुवर्षें खल झाला, आणि अमेरिकेच्या सिनेटचा तो अहवाल या वादांत दाखल्यासाठीं वारंवार हाताशीं घेतला गेला. तुमच्याच देशाची समिति असें म्हणते, याला परदेशी कंपन्यांपाशीं काय उत्तर असणार? १९७० सालीं पेटंटचा कायदा झाला व २० एप्रिल १९७२ पासून अंमलांत आला. औषध या पदार्थावर पेटंट नाहीं, तें तयार करण्याच्या कृतीवर मात्र मिळेल; आणि त्याची मुदत पूर्वीच्या १६ वर्षांऐवजीं फार तर ७ वर्षें. दुसरी कृति शोधून तेंच औषध बनवावयास भारतीय रसायनशास्त्रज्ञ मोकळे झाले. त्याचें एक फळ फेब्रुवारी २००१ मध्यें जगानें पाहिलें. एड्सच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च पाश्चात्य देशांत दहा हजार डॉलरांच्या वर होता. मुंबईच्या सिप्ला कंपनीनें 'सीमारहित डॉक्टर्स' या सेवासंस्थेला तीं वर्षाला ३५० डॉलरांत देऊं केलीं.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळें २००५ सालीं भारताला औषधांवर पुन्हां पेटंट देणें भाग पडलें. परंतु त्या दुरुस्तींत संसदेनें ३ (ड) हें कलम घातलें. ज्ञात द्रव्याच्या नव्या रूपाला, त्याची गुणकारिता लक्षणीय वाढल्याचें सिद्ध झाल्याखेरीज, पेटंट मिळणार नाहीं, असें तें कलम आहे. कीफॉव्हर यांचें विधेयक ज्यानें वाचलें असेल त्याला हे शब्द ओळखीचे वाटतील. वॉशिंग्टनच्या समितींत जें १९६२ सालीं छाटलें गेलें तें त्रेचाळीस वर्षांनीं दिल्लीच्या कायद्यांत उभें राहिलें.

त्या कलमाची कसोटी एका रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब या औषधानें घेतली. नोव्हार्टिस कंपनीनें त्याच्या एका स्फटिकरूपावर पेटंट मागितलें होतें. योगायोगाची गोष्ट म्हणजे, सर्पगंधेचें द्रव्य वेगळें काढणारी सिबा पुढें दोन विलीनीकरणांतून याच नोव्हार्टिसमध्यें समाविष्ट झाली आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १ एप्रिल २०१३ रोजीं न्या. आफताब आलम आणि मुंबई उच्च न्यायालयांतून तेथें गेलेल्या न्या. रंजना प्रकाश देसाई यांनीं कंपनीचें अपील फेटाळलें. निकालपत्रांत अय्यंगार अहवालाचा परामर्श विस्तारानें घेतला आहे. तेव्हां कंपनीच्या या औषधाला महिन्याकाठीं सुमारें १ लक्ष २० हजार रुपये पडत. त्याच द्रव्याच्या भारतीय गोळ्या सुमारें ८ ते १० हजार रुपयांत मिळत होत्या.